विज्ञानकथांबद्दल लोक हमखास काय चुकीचं बोलतात? तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकतं?

दुर्बीण

विज्ञानकथा मनापासून वाचणाऱ्याला चारचौघांत गप्प बसणं फार जड जातं. कुणीतरी "ही कित्येक प्रकाशवर्षांपूर्वीची गोष्ट आहे" असं म्हणतं आणि आपल्या अगदी तोंडाशी येतं की अहो, प्रकाशवर्ष हे अंतर आहे. प्रकाश वर्षभरात जेवढं जातो तेवढं, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. पण ही चूक मी सोडून देते. त्या शब्दातच 'वर्ष' बसलंय, ऐकणारा फसणारच.

मला सहन होत नाही ती दुसऱ्या जातीची चूक. तिच्यात अख्खी गोष्टच उलटी होते. विज्ञानकथालेखक आसिमॉव्हचे रोबोटचे तीन नियम घ्या: पहिला, माणसाला इजा होऊ द्यायची नाही; दुसरा, माणसाचा हुकूम पाळायचा; तिसरा, स्वतःला जपायचं. हल्ली एआयवरचं कुठलंही भाषण ऐका, कुणीतरी म्हणतंच की घाबरायचं काय त्यात, यंत्रात ते तीन नियम घातले की झालं. अहो, १९४२ साली ज्या कथेत ते नियम पहिल्यांदा स्पष्ट मांडले, त्याच कथेत ते अडकून बसतात! बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या रोबोटला सेलेनियम आणायला पाठवलेलं असतं. हुकूम दिलेला असतो सहज, फारसा जोर न लावता. स्पीडी महागडा, म्हणून स्वतःला जपायचा त्याचा नियम मुद्दाम कडक केलेला. सेलेनियमच्या डबक्यापाशी धोका असतो. जवळ गेला की तिसरा नियम मागे ओढतो, लांब आला की दुसरा पुढे ढकलतो. मग तो डबक्याभोवती गोल गोल फिरत राहतो, दारू प्यायल्यासारखा बरळत. इकडे दोन माणसं उन्हात भाजून मरायच्या बेतात. शेवटी त्यातला एक जण मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा कुठे पहिला नियम जागा होतो आणि स्पीडी ताळ्यावर येतो.

आसिमॉव्हच्या रोबोटकथा वाचा, बहुतेकींमध्ये हाच खेळ आहे. नियम चोख, तरी घोळ होतोच, आणि तो का होतो हे शोधण्यात कथेचा जीव आहे. त्याच कथांचा दाखला देऊन "नियम आहेत ना, मग काळजी नको" म्हणणं म्हणजे त्या न वाचताच त्यांच्या नावाने पावती फाडणं. मला याचा खरंच राग येतो.

तुम्हाला काय खटकतं? नुसती यादी नको. का खटकतं तेही लिहा.

गिरगावचा_नेमो

माझ्या नावावरून ओळखलंच असेल. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतला पाणबुडीचा कप्तान, कॅप्टन नेमो, भारतीय आहे, हे किती मराठी वाचकांना माहीत आहे? ज्यूल व्हर्न वाचलाय म्हणणाऱ्या दहा जणांना विचारा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दाढीवाला गोरा माणूस येतो, कारण १९५४ च्या सिनेमात जेम्स मेसन होता.

पहिल्या कादंबरीत, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये, व्हर्न नेमोचा देश उघड सांगत नाही. त्याच्या मनात आधी पोलिश सरदार होता, रशियाने ज्याचं घरदार उद्ध्वस्त केलंय असा. प्रकाशकाला ते चालेना, रशियातला खप बुडेल अशी धास्ती. मग नेमो निनावी राहिला. पुढे १८७४-७५ मध्ये आलेल्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये त्याचं पूर्वायुष्य उलगडतं. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. टिपू सुलतानाचा भाचा दाखवलाय. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात उतरलेला, त्यात बायकामुलं गमावलेला. एक फ्रेंच लेखक सत्तावनच्या पराभवातून उठलेला शास्त्रज्ञ उभा करतो, त्याच्या हातात जगातलं सगळ्यात पुढारलेलं यंत्र देतो, आणि आम्हीच त्याला परका समजून मोकळे होतो.

आणि खूण पहिल्या पुस्तकातही आहे बरं का. सिलोनच्या किनाऱ्याजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क झडप घालतो. नेमो हातात खंजीर घेऊन थेट त्या शार्कवर जातो. पाणबुड्या शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. नंतर सांगतो की हा माणूस दडपलेल्या देशातला आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्यांच्यातलाच. एवढं लख्ख लिहिलेलं असताना लोक म्हणतात, नेमो म्हणजे माणूसघाणा खलनायक. मला हे वैयक्तिक लागतं.

जाता जाता, पुस्तकाच्या नावातली वीस हजार लीग ही खोली नाही. पाण्याखालून केलेला प्रवास आहे, सुमारे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आत आहे, एवढं खाली कुणी जाईलच कसं?

पारसेक

नेमोसाहेब, दंडवत. २००३ च्या एका हॉलिवूडपटात नसीरुद्दीन शाहने नेमो केला होता. सिनेमा यथातथाच, पण फेटा बांधलेला नेमो पडद्यावर पाहून बरं वाटलं होतं.

माझं दुखणं जुनंच. स्टार ट्रेक आणि स्टार वॉर्स एक नाहीत. एक १९६६ ला टीव्हीवर आलं, दुसरं १९७७ ला थिएटरात. ट्रेकमधल्या स्पॉकच्या हातात लेझर तलवार नसते. वॉर्समधला खलनायक डार्थ वेडर नायकाला "ल्यूक, मी तुझा बाप आहे" असं म्हणत नाही. ल्यूक म्हणतो की तू माझ्या वडिलांना मारलंस, त्यावर वेडर म्हणतो, "नाही, मी तुझा बाप आहे." सगळा धक्का त्या 'नाही'मध्ये आहे. तो काढून टाकलात तर उरतं काय? आणि "बीम मी अप, स्कॉटी" हे वाक्य ट्रेकच्या मूळ मालिकेत जसंच्या तसं एकदाही येत नाही.

सांताक्रूझची_मावशी

+१. अंतराळात स्फोटाचा आवाज. हवा नाही तर आवाज कशातून जाणार?

मधली_लोकल

सगळे प्रतिसाद वाचले. छान लिहिताय, पण मला एक बोलायचंय आणि ते कदाचित आवडणार नाही.

माझे वडील बसवर कंडक्टर होते. इंग्रजी जेमतेम. दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं तेव्हा चाळीतल्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बघायचे. त्यांच्यासाठी ट्रेक काय नि वॉर्स काय, दोन्ही 'ताऱ्यांचे पिक्चर'. इंटरस्टेलर त्यांना मी हिंदीतून दाखवला. पाण्याच्या ग्रहावर तासभर घालवला की पृथ्वीवर सात वर्षं जातात, हे का, ते त्यांना सांगता यायचं नाही. ते म्हणतात, "कृष्णविवर वेळ खातं." पण तो बाप परत येऊन पोरांचे साठलेले व्हिडिओ निरोप बघत बसतो, तिथे माझे बाबा ढसाढसा रडले. ड्यूटीमुळे आमचं बालपण त्यांना फारसं बघायला मिळालं नाही, त्यांना त्या सीनमध्ये तेच दिसलं. आता यांना मी वेळ 'खात' नाही म्हणून दुरुस्त करायचं? इथल्या एखाद्याने केलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं.

सायफायच्या गप्पांना बायका, मोठी माणसं, इंग्रजी कमी येणारी माणसं टिकत नाहीत, त्याचं कारण हेच. तोंड उघडलं की कुणीतरी चूक काढतं.

दुर्बीण

@मधली_लोकल, तुमच्या बाबांना गोष्ट पोचली. पूर्ण पोचली. त्यांना कुणी दुरुस्त केलं तर त्या माणसाशी मी भांडेन. प्रचंड वस्तुमानाजवळ काळ सावकाश चालतो हे त्यांच्या शब्दांत नसेल, पण दिग्दर्शकाला त्या भौतिकशास्त्रातून जे दाखवायचं होतं ते त्यांनी घेतलं. आसिमॉव्हचे नियम सांगणारा वक्ता याच्या बरोबर उलट. शब्द सगळे पाठ आणि गोष्ट निसटलेली. मी बोलतेय ती माइक हातात असलेल्यांबद्दल, पुस्तकाचं मलपृष्ठ लिहिणाऱ्यांबद्दल, पुरवण्यांत लेख पाडणाऱ्यांबद्दल. तिकीट काढून बघणाऱ्याशी माझं काहीच भांडण नाही.

मधली_लोकल

हे पटलं. पण मग पारसेक यांचा प्रतिसाद कशात मोडतो? संवादातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर एवढं काय?

पारसेक

तो शब्द संवादाचा कणा आहे, म्हणून. बाकी तुमचा मुद्दा मान्य, मी समोरच्याला तोंडावर टोकत नाही. इथे लिहितो कारण इथे लिहायचंच ठरलंय.

चुनाभट्टीकर

आता आपल्या घरातल्या चुकीबद्दल बोलू. जयंत नारळीकरांना २० मे २०२५ रोजी देवाज्ञा झाली. त्यानंतर जे संदेश फिरले त्यातले कितीतरी "बिग बँगचा सिद्धांत मांडणारे थोर शास्त्रज्ञ" असे होते. वाचून अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने आयुष्यभर बिग बँगला, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या कल्पनेला, प्रश्न विचारले, त्याच्याच नावावर बिग बँग! केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल हे त्यांचे गुरू. हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ चा. 'बिग बँग' हे नावसुद्धा हॉईलनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं, आणि ते त्या कल्पनेचे विरोधक होते. पुढे पुरावे बिग बँगच्या बाजूने साठत गेले, बहुसंख्य शास्त्रज्ञ तिकडे गेले, तरी नारळीकर आपल्या शंका निबंधांतून, गणितातून मांडत राहिले. त्यांच्याशी असहमत व्हा, पण ते कुठल्या बाजूला उभे होते एवढं तरी नीट सांगा. प्रवाहाविरुद्ध उभं राहणं हा या माणसाचा सगळ्यात मोठा धडा होता आणि श्रद्धांजलीत आपण नेमका तोच पुसला.

दुसरं, "शास्त्रज्ञ होते म्हणून त्यांच्या कथा छापल्या गेल्या" असं म्हणणारे भेटतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. तेव्हा ते कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव देशभर झालेलं. परीक्षकांवर त्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून ही खटपट. आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं!

तिसरं सगळ्यात जास्त बोचतं. उपनगरातल्या एका वाचनालयात नारळीकरांचा कथासंग्रह मागितला. बाईंनी मला बालविभागात पाठवलं. पुस्तकाच्या कण्यावर पिवळी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईने 'बाल', खाली क्रमांक. शेजारी जादूच्या दिव्याच्या गोष्टी, पलीकडे इसापनीती. मागच्या पानावरचे शिक्के पाहिले तर पुस्तक वर्षानुवर्षं बाहेरच गेलेलं नाही. जाणार कसं? मुलाला त्यातलं विज्ञान झेपत नाही आणि मोठा माणूस त्या कपाटापाशी फिरकत नाही. मी रीतसर अर्ज दिलाय ते पुस्तक कथाविभागात हलवा म्हणून.

सांताक्रूझची_मावशी

तुमच्या अर्जाचं काय झालं ते नक्की कळवा. आमच्या इथेही तीच गत. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर सगळे एकतर बालविभागात नाहीतर 'विज्ञानविषयक माहिती'त. जावडेकरांची कथा माहितीच्या कप्प्यात? त्यात माणसं आहेत हो, मेंदूचे, नात्यांचे प्रश्न आहेत.

शिशिर_पाणगळ

फ्रँकनस्टाईन कुणी लिहिलं नाही अजून, आश्चर्य आहे. फ्रँकनस्टाईन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्याचं आहे, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण 'डॉक्टर फ्रँकनस्टाईन' म्हणणारे थांबत नाहीत. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकनस्टाईन डॉक्टर वगैरे नाही, जर्मनीतल्या इंगोलश्टाटला शिकायला गेलेला तरुण विद्यार्थी आहे. मानेतले बोल्ट १९३१ च्या सिनेमातले.

पण त्याहून मोठी चूक म्हणजे त्याला मुका, ठोंब्या समजणं. कादंबरीतला तो जीव एका झोपडीच्या भिंतीआड लपून, फटीतून आतल्या कुटुंबाला बघत बोलायला शिकतो. मिल्टनचं 'पॅरडाईज लॉस्ट' वाचतो. आणि मग आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून असा युक्तिवाद करतो की वाचणाऱ्याला उत्तर सुचू नये. मला जन्माला घातलंस आणि तोंड फिरवून पळालास, आता माझ्या वाईटपणाचा हिशेब माझ्याकडे का मागतोस? हा प्रश्न अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने लिहायला घेतला. त्याचं रूपांतर हात पुढे करून गुरगुरत चालणाऱ्या बुजगावण्यात झालं. दुर्बीणताई म्हणतात ती 'उलटी गोष्ट' ती हीच.

दादर_कबूतरखाना

वडाळ्याला ड्यूनचा दुसरा भाग बघून निघालो होतो. मागे चार-पाच पोरं. एक म्हणाला, "स्टार वॉर्सची कॉपी आहे यार, वाळवंट, साम्राज्य, निवडलेला मुलगा, सगळं सेम." ड्यून १९६५ ची कादंबरी, स्टार वॉर्स त्यानंतर बारा वर्षांनी. जॉन कार्टर २०१२ ला आला तेव्हाही हेच, अवतारची कॉपी म्हणून मोकळे झाले. ती मंगळावरची कथा १९१२ ला मासिकातून क्रमशः आली होती, शंभर वर्षं आधी!

तेवढं चालेल एक वेळ. पण नायक पॉल वाळूतल्या अळीवर स्वार होतो, लाखो लोक त्याच्या नावाने ओरडतात, आणि आमच्या थिएटरातही शिट्ट्या. जणू हिरोची एन्ट्री. फ्रँक हर्बर्टने ही कादंबरी लिहिली ती अशा हिरोंपासून सावध राहा म्हणून. लोकांना भुरळ घालणाऱ्या पुढाऱ्याच्या हाती आपली बुद्धी सोपवली की काय होतं, त्याची कथा आहे ती. पुढच्या, १९६९ च्या पुस्तकात पॉल स्वतःच्या तोंडाने सांगतो की त्याच्या युद्धात ६१ अब्ज माणसं मेली. त्याची प्रेयसी चानी, तिचा चेहरा बघा ना सिनेमाच्या शेवटी. दिग्दर्शक तिच्या डोळ्यांतून सांगतोय आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवतोय.

मधली_लोकल

ही चूक मात्र मला गंभीर वाटते. सिनेमाबाहेरही आपण हेच करतो.

वैनतेय

तुम्ही सगळे परदेशी लेखकांबद्दल बोलताय. आपल्याकडे पुष्पक विमान होतं. गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं. हे तुम्हाला कधी खटकत नाही का, की आपलं कुणी सांगत नाही?

गिरगावचा_नेमो

वैनतेयजी, मी चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर राहतो, तळपद्यांची गोष्ट आजोबांकडून ऐकत मोठा झालो. ते संस्कृतचे जाणकार होते, विमानाचा ध्यास होता, त्याबद्दल आदर आहे. पण ते विमान उडालं याचा भरवशाचा समकालीन पुरावा मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ मध्ये केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला आणि त्यातले आराखडे उडण्याजोगे नाहीत असा निष्कर्ष निघाला. पुष्पक ही फार सुंदर कल्पना आहे. कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहणारं विमान! तिला इंजिनाचा पुरावा कशाला हवा?

आपलं सांगायचंच तर जगदीशचंद्र बोस सांगू. १८९६ साली त्यांनी बंगालीत कथा लिहिली, केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून चक्रीवादळ शमवलं जातं अशी. रुकैया हुसेन यांचं 'सुलतानाज ड्रीम' १९०५ चं. त्यात बायका सौरऊर्जेवर राज्य चालवतात. या दोघांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

दुर्बीण

विमानांवर वेगळा धागा काढा कृपया, इथे तो विषय सगळं गिळून टाकेल.

खडू_फळा

मी शाळेत विज्ञान शिकवते, कुर्ल्याला. सिनेमातून आलेल्या चुका माझ्या वर्गात रोज येतात आणि मला त्या हव्याच असतात, कारण मूल त्या निमित्ताने बोलतं. "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" ही सगळ्यात पक्की रुतलेली. मी विचारते, अंतराळ स्थानक किती उंचावर असेल? मुलं लाखांत आकडे सांगतात. ते साधारण ४०० किलोमीटरवर आहे. मुंबईहून कोल्हापूर जवळपास तेवढंच लांब. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के शिल्लक असतं. मग माणसं तरंगतात कशी, असं एखादी मुलगी विचारते आणि पुढचा तास तिचा. ती स्थानकासकट सतत पडत असतात, पण पुढे जाण्याचा वेग इतका की पृथ्वीची गोलाई पायाखालून वळत जाते. हे उमगतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी शिकवते.

दुसरी ठरलेली चूक, हेल्मेट निघालं की माणूस फुग्यासारखा फुटतो. नाही फुटत. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटमधली हवा गेली. चौदाएक सेकंदांत शुद्ध हरपली, लगेच कक्षात पुन्हा हवा भरली आणि तो वाचला. शुद्ध जाण्याआधी जिभेवरची लाळ उकळताना जाणवली, असं त्याने सांगितलं. मुलांना हा तपशील सिनेमातल्या स्फोटापेक्षा कितीतरी जास्त भारी वाटतो.

मधली_लोकल, तुमच्या बाबांचं "वेळ खातं" मी वर्गात वापरू का? तिथून सुरुवात केली तर दहावीच्या मुलांना पटकन कळेल.

मधली_लोकल

वापरा की! बाबांना सांगितलं, ते दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत सुटतील.

@गिरगावचा_नेमो, नेमोबद्दलचं वाचून त्यांनी पुस्तक मागितलंय. मराठीत द्यायचंय. कुठलं घेऊ?

गिरगावचा_नेमो

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यांच्यापासून सुरुवात केली तर बाबा पुस्तक खाली ठेवणार नाहीत. पण विकत घेण्याआधी चाळून बघा. माझ्या हातातून गेलेल्या बऱ्याच संक्षिप्त आवृत्त्यांत सिलोनचं प्रकरण उडवलेलं होतं, कारण गोष्ट पुढे सरकायला ते लागत नाही. शार्क आणि मोत्यांची पिशवी सापडली तरच घ्या. जुन्या प्रतीसाठी फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवर विचारा. आणि 'मिस्टीरियस आयलंड' जोडीने द्या, नाहीतर डक्कार भेटणारच नाही.

चुनाभट्टीकर

वाचनालयाचं उत्तर आलं. नारळीकर कथाविभागात हलवले, पट्टी बदलली. फोंडके आणि लोंढ्यांसाठी वेगळा अर्ज करा म्हणाले. उद्या देतोय.